जेलीतला चुरा

क्लेम पॅस्कोचं आणि कचऱ्याचं जन्माचं वैर. सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात गेली आणि तिथे त्याचं काम एकच. तयार रंगात कुठे कण, गुठळी, धूळ, माशीचा पाय असलं काही तरंगताना दिसलं की ते पिंप परत पाठवायचं. पिंप परत पाठवताना त्याला जो आनंद व्हायचा तो इतरांना पगाराच्या दिवशीही होत नसे. निवृत्त झाल्यावर पिंपं संपली, नजर तेवढी राहिली. शेजारच्या मर्व्ह हॉकिंगने एकदा मोठ्या प्रेमाने घरी केलेली बिअर पुढे केली, तर या गृहस्थाने ग्लास उजेडात धरला आणि "हं" म्हणाला. त्या "हं"नंतर मर्व्हने बरेच दिवस त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

अशा माणसाने जेली केकच्या भानगडीत पडायचं काहीच कारण नव्हतं. पण त्याची बायको ग्लेनिस बोलिंग क्लबच्या पायरीवरून घसरली, उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. आणि आमच्या कॅराविरा गावाचं कृषी प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

आमच्या प्रदर्शनात मेंढ्या असतात, बार्लीच्या पेंढ्या असतात, मोटारसायकलवर उड्या मारणारा एक इसम असतो. पण खरी रक्तबंबाळ लढाई होते ती पाककलेच्या मांडवात. तिथल्या जेली केकच्या वर्गात एल्सा ट्रेम्बाथ दरवर्षी पहिली येते आणि ग्लेनिस दुसरी. स्पंजचा चौकोनी तुकडा घ्यायचा, अर्धवट धरलेल्या, म्हणजे घट्ट होत आलेल्या रास्पबेरी जेलीत बुडवायचा, खोबऱ्याच्या किसात लोळवायचा, झालं. मधे क्रीम भरायचं की नाही यावरून पूर्वी दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं होतं, तेव्हापासून समितीने क्रीमच बाद केलं. आणि दरवर्षी ग्लेनिसच्या बशीखाली परीक्षकबाईंची तीच चिठ्ठी असायची: "आवरण जरा पातळ."

एल्सा हात बघायला आली ती फुलं घेऊन.

"हाताला जप हो, ग्लेनिस. जेली केक काय, पुढच्या वर्षीही करता येतील," ती म्हणाली. मग जीभ चावून, "अगंबाई! पुढच्या वर्षी तो वर्गच नसेल, नाही का? तीनपेक्षा कमी जणी आल्या तर कायमचा बंद करायचा म्हणतात. आणि यंदा तर मी एकटीच!"

ती गेल्यावर ग्लेनिसने फुलं पाण्यात ठेवली, डाव्या हाताने, अर्धं पाणी ओट्यावर सांडत.

"मला एल्साचा राग नाही," ती म्हणाली.

"बरं," क्लेम म्हणाला.

"पहिली नाही आले तरी माझं काही अडत नाही." तिने सांडलेलं पाणी फडक्याने टिपलं. "खोटं कशाला बोलू? अडतं. एकदा तरी यायचं होतं रे, क्लेम. एकदाच. आणि यंदा शेवटचं."

बायकोने काही मागावं अशी वेळ क्लेमवर फारशी आलीच नव्हती. त्याने टोपी घातली आणि तो थोरा क्विल्टीकडे गेला.

थोरा पाककला विभागाची प्रमुख. तिच्या मांडवात माशीसुद्धा नियम वाचून येते असं मर्व्ह म्हणतो.

"ग्लेनिसच्या वतीने मी बुडवले तर?" क्लेमने विचारलं.

"ज्याचा हात जेलीत, त्याचं नाव बशीवर."

"मग ती डाव्या हाताने बुडवील."

"डाव्याला हरकत नाही. नियमात हात म्हटलंय, कुठला ते नाही म्हटलेलं."

"भांडं सरकतं ना पण. मी भांडं धरलं तर?"

थोराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा प्रश्न प्रदर्शनाच्या इतिहासात कोणी विचारला नव्हता. तिने आत जाऊन नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने "मला टीव्ही बघू दे" असा कौल दिला, आणि मग ती बाहेर आली.

"धरायला हरकत नाही. कलंडवायचं नाही. आणि क्लेम, ग्लेनिसला धरून दोघीच होतात. एल्सा आणि ग्लेनिस. तिसरं कोण? तिसरं नसेल तर मी वर्ग भरवूच शकत नाही, मग भांडं धर नाहीतर डोक्यावर घे."

क्लेमने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात थोराचं मांजर होतं, ते काही भाग घेईलसं दिसेना.

"मी," तो म्हणाला.

अशा रीतीने ज्याने आयुष्यात अंडंसुद्धा उकडलं नव्हतं तो क्लेमंट पॅस्को आपल्याच बायकोचा प्रतिस्पर्धी झाला. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पेस्टीच्या, म्हणजे खिम्याच्या करंज्यांच्या दुकानात लोक त्याच्याकडे पाहून हसू लागले. "अॅप्रन कुठल्या रंगाचा घेतलास रे?" असं एकाने विचारलं, आणि क्लेमने त्याला अत्यंत गंभीरपणे पांढरा असं उत्तर दिलं, कारण पांढऱ्यावर कचरा लगेच दिसतो.

ग्लेनिसने त्याला स्पंज भाजायला शिकवलं. ती खुर्चीत बसून सांगायची, तो करायचा. पहिला स्पंज वीट झाला, दुसरा खड्डा झाला, तिसऱ्याला मर्व्हने चक्क दुसरा तुकडा मागितला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जेली समोर आली आणि क्लेममधला कारखाना जागा झाला.

"हे तर आपलंच काम आहे, ग्लेनिस! बुडवून काढायचं, थर चढवायचा. जेली म्हणजे तरी काय, पाण्यात विरघळलेली चिकट लांबलचक धाग्यांची गुंतवळ. आमचं लाखेचं रोगण काय वेगळं होतं? गाळणं, घट्टपणा मोजणं आणि सावकाश, एका चालीने बाहेर काढणं. संपलं!"

"संपलं म्हणतोस," ग्लेनिस म्हणाली, "पण अजून सुरू कुठे झालंय?"

सुरू झालं ते गाळण्यापासून. चहाच्या गाळणीवर क्लेमचा विश्वास नव्हता. त्याने ग्लेनिसचा कोरा पायमोजा घेतला आणि जेली त्यातून गाळली. जेली आली ती चर्चच्या रंगीत काचेसारखी, निर्मळ. मग त्याने माळ्यावरून कारखान्यातला जुना मापाचा पेला काढला. याच्या बुडाला भोक असतं. रंग किती वेळात गळून संपतो त्यावरून तो किती घट्ट ते कळतं. क्लेमने घड्याळ लावलं. जेली गळायला लागली, मग विचार करायला लागली, आणि मग भोकातच धरून बसली. क्लेम मात्र घड्याळाकडे बघत उभाच राहिला. शेवटी ग्लेनिस म्हणाली की मोजून झालं असेल तर पेला घासायला टाक.

मर्व्ह कुंपणावर कोपरं टेकवून सगळं ऐकत होता. त्याला कधी कोणी सल्ला विचारत नाही, त्यामुळे त्याच्याकडे सल्ल्यांचा साठा फार.

"स्पंज शिळा घे. माझी आई शिळा घ्यायची. ताज्याचा चुरा पडतो."

"शिळा?" क्लेमला भोवळच यायची बाकी होती. "प्रदर्शनाला शिळा?"

"बरं, मग गोठवून घे. तेही नको? मग जेलीत थोडी बिअर घाल."

क्लेमने बिअर घातली नाही, पण मर्व्हचा गळ मागून घेतला. हाताने केक काढताना हात थरथरतो, चाल एकसारखी राहत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने गळाची काठी स्वयंपाकघराच्या दारावर बांधली, आकड्याला स्पंज लावला, जेलीत सोडला आणि चाकी फिरवत फिरवत, श्वास रोखून, गोगलगायीच्या गतीने वर ओढू लागला. मर्व्ह शेजारी उभा राहून "आला, आला, आला" असं पुटपुटत होता. खाडीत तो मोठ्या माशाला असंच म्हणतो. स्पंज जेली पिऊन जड झाला, आकड्याशी फाटला, आणि धप्पकन खाली आला. जेली भिंतीवर, जेली मर्व्हच्या शर्टावर, जेली छतावरच्या पंख्यावर. स्पंज मर्व्हच्या कुत्र्याने नेला. स्पर्धेत भाग न घेता समाधानी झालेला तो एकमेव प्राणी.

त्यात उत्तरेचा वारा सुटला, आमच्याकडे तो वाळवंटावरून तापून येतो. घर तापलं, आणि घरच्या फ्रिजमध्ये जेली धरेना, कारण क्लेम ती धरली का हे बघायला सारखं दार उघडायचा. मर्व्हच्या शेडमध्ये दुसरा फ्रिज होता. क्लेमने जेली तिथे नेऊन ठेवली. सुंदर धरली. ग्लेनिसने चमचा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली.

"क्लेम, या जेलीला म्हाकुळाचा वास येतोय."

"शक्य नाही. उजेडात धरून पाहिली. एक कण नाही तिच्यात!"

"कण नसेल. म्हाकूळ आहे."

मर्व्हच्या त्या फ्रिजमध्ये गळाला लावायचं म्हाकुळाचं आमिष असतं, हे गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक. क्लेमने जेली टाकून दिली. कुत्र्याने तीही संपवली.

अशा प्रयोगांत जेलीची पाकिटं किती जातात याचा क्लेमला अंदाज नव्हता. बशा मांडवात पोचवायच्या त्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला तर रास्पबेरीचा कप्पा रिकामा.

"सगळी एका माणसाने नेली," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "म्हातारासा. म्हणजे... तुम्हीच की!"

घरी एकच भांडंभर जेली उरली होती आणि एकच ताजा स्पंज. मान खाली घालून क्लेम घरी आला.

"तू आधी बुडव," ग्लेनिस म्हणाली. "मला वेळ लागेल."

क्लेमने आधी बुडवले. जेली पायमोज्यातून गाळलेली, एक डाग नाही. काट्यावर एकेक तुकडा घेतला, बुडवला, आणि चाकी नसली तरी चाकीच्याच चालीने, जीभ दातांत धरून, वर काढला. आवरण काचेसारखं. त्यातून स्पंजचं एकेक छिद्र दिसत होतं. सहा झाले, खोबऱ्यात लोळवले तर ते विरळच चिकटलं, आणि त्याने मागे सरून त्यांच्याकडे पाहिलं. कारखान्यात असतं तर त्याने स्वतःच्या हाताने शिक्का मारला असता.

मग ग्लेनिस पुढे झाली, आणि तिचा चेहरा पडला.

ताज्या स्पंजचा चुरा पडतो. मर्व्हची आई चुकीची नव्हती. क्लेमचे सहा तुकडे सगळे भांड्यात झडले होते. जेलीभर चुरा तरंगत होता, मोठा, बारीक, पिठासारखा.

"ही जेली आहे? हे फरशी पुसलेलं पाणी आहे!"

"गाळून देतो!" क्लेम पायमोजा घेऊन धावला. पण जेली धरत आली होती, गाळायची तर परत गरम करावी लागणार, परत निवायला ठेवावी लागणार, आणि थोरा क्विल्टी दुपारी मांडवाचं दार लावते म्हणजे लावते.

"राहू दे," ग्लेनिस म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "निदान तीन नावं तरी होतील. धर भांडं. कलंडवू नकोस."

क्लेमने दोन्ही हातांनी भांडं धरलं. तिने डाव्या हातात काटा घेतला. डाव्या हाताला सावकाशपणा जमेना. सावकाश काढायला गेली की तुकडा काट्यावरून घसरायचा. म्हणून ती तुकडा टोचायची, बुडवायची आणि वैतागून झटक्यात उपसून घ्यायची.

पहिला बाहेर आला आणि क्लेमचं तोंड उघडं राहिलं.

आवरण जाड होतं. चांगलं गुबगुबीत, गुलाबी, आणि ते जागचं हलत नव्हतं. क्लेमच्या केकांवरची जेली हळूहळू खाली ओघळून बशीत तळं करत होती. हे मात्र जिथे बसलं तिथे बसलं. दुसरा तसाच. तिसरा तसाच. खोबरं त्याला असं चिकटलं की उलटा केला तरी कीस पडेना.

"हसतोयस तू," ग्लेनिस म्हणाली.

"हसत नाहीये गं! बघतोय. अगं, बघ तरी!"

तो खरंच बघत होता, डोळ्यांत तेल घालून. नुसती जेली कितीही निर्मळ असली तरी अंगावरून निसटते, तिला धरून ठेवायला कोणी नसतं. चुरा असला की जेली दाटते, कण एकमेकांना अडून बसतात आणि तिलाही धरून बसवतात. आणि सावकाश काढलं तर? तर थर इतका पातळ येतो की त्यात चुऱ्याला उभं राहायला जागाच नसते, बिचारा भांड्यातच राहतो. म्हणून तर त्याच्या सहा केकांवर एक कण नव्हता, सगळे मागे राहिले होते. झटक्यात उपसलं की जाड थर येतो, आणि चुरा सगळा बरोबर येतो. किती सोपं, किती देखणं! लाखेचं रोगण उभ्या फळीवरून ओघळायचं आणि चुनखडीची पूड घातलेला पहिला हात कसा पक्का बसायचा, हे आयुष्यभर डोळ्यांसमोर घडत होतं. पण ती पूड म्हणजे माल आणि चुरा म्हणजे कचरा, अशी त्याने डोक्यात भिंत घातली होती. तो स्टुलावर बसला. इतका आनंद त्याला एखादं पिंप परत पाठवतानाही झाला नव्हता.

"भांडं का सोडलंस?" ग्लेनिस ओरडली. "अजून एक राहिलाय!"

सहा झाले. तिने दोन बशा शेजारी ठेवल्या. क्लेमच्या बशीत काचेचे सहा चौकोन. तिच्या बशीत सहा गलेलठ्ठ गाठोडी.

"क्लेम," ती हळूच म्हणाली, "तुझे मला दे. माझे तू ने. बशा बदलल्या तर कोणाला कळणार आहे?"

"कोणाला नाही."

"मग?"

"माझे नेलेस तर तू परत दुसरी येशील."

ग्लेनिसला ते लागलं. ती खिडकीकडे वळली.

"पातळ येतात गं ते," क्लेम म्हणाला. "दरवर्षी तेच तर लिहितात बाई. मी आज केले ते अगदी तुझे नेहमीचे आहेत. आणि हे बघ..." त्याने उरलेला एक तुकडा तिच्या काट्याने टोचला, बुडवला, झटक्यात काढला आणि सुरीने मधोमध कापला. कडेला गुलाबी पट्टा, करंगळीच्या नखाएवढा रुंद, चारी बाजूंनी सारखा.

"आत चुरा दिसतोय," ती म्हणाली.

"दिसू दे."

"तू म्हणतोस हे? तू? 'चुरा दिसू दे'?"

"मी म्हणतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने लग्नाच्या केकवरचं आयसिंगसुद्धा वाकून तपासलं होतं, तो हे म्हणत होता. तिने कापलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला. चावला. आपली बशी उचलली आणि दाराकडे निघाली.

"किल्ली घे गाडीची," ती म्हणाली. "आणि तुझे ते काचेचे घे सांभाळून."

दुसऱ्या दिवशी मांडवात दोरीबाहेर ही गर्दी. मर्व्ह धुतलेला शर्ट घालून आला होता, तरी पोटावर गुलाबी डाग होताच. एल्सा अगदी पुढे, नव्या हॅटमध्ये. परीक्षक मिसेस ऑल्डरिज बाहेरगावच्या. निकाल लागेपर्यंत बशांवरची नावं झाकलेली असतात, वर नुसते आकडे. त्यांनी आधी क्लेमचा केक उचलला. खोबरं झरझर बशीत पडलं. बाईंनी सुरी लावली, आत पाहिलं, सुरी पुसली. क्लेमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग एल्साचा. बाईंनी मान हलवली, एक कण चाखला. मग ग्लेनिसचा.

ग्लेनिसने क्लेमचा दंड धरला, चांगल्या हाताने, घट्ट.

सुरी खाली गेली. बाईंनी अर्धा भाग उजेडात धरला. क्लेमला वाटलं, संपलं, आता "हं" म्हणणार. बाईंनी तुकडा तोंडात टाकला. परीक्षक खात नसतात, चाखतात. या बाईंनी खाल्ला, आणि इकडेतिकडे बघून उरलेला अर्धाही खाल्ला.

पहिल्या नंबरची निळी फीत ग्लेनिसच्या बशीला लागली. चिठ्ठीवर होतं: "आवरण भरगच्च आणि एकसारखं. असं फार दिवसांत पाहिलं नाही." दुसऱ्या नंबरची लाल एल्साला. तिघांत तिसरा आला म्हणून क्लेमला पांढरी, आणि खाली लिहिलं होतं: "दिसायला सुंदर. पण आवरण कुठे आहे?" मर्व्हने ते मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. क्लेमला त्याचं काहीच वाटलं नाही. तो बायकोकडे बघत होता. ग्लेनिस निळ्या फितीवरून बोट फिरवत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की क्लेमला तिथेच रडू येईल की काय अशी भीती वाटली.

एल्सा पुढे आली. हॅट जरा वाकडी झाली होती, पण तिने हात पुढे केला. "शाबास गं. पण सांग तरी, यंदा असं केलंस काय?"

"काही केलं नाही," ग्लेनिस म्हणाली. "यंदा गाळली नाही. नाहीतर दर चार तुकड्यांनंतर मी जेली गाळून घेते. एक कण ठेवत नाही."

आणि बोलता बोलता ती थांबली. तिने हळूहळू मान वळवली.

"क्लेम."

"काय?"

"लग्न झाल्यावर पहिल्याच प्रदर्शनाला स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी उभं राहून 'गाळ, ग्लेनिस, गाळून घे, कचरा तरंगतोय' असं कोण म्हणालं होतं?"

मर्व्ह फितींकडे बघू लागला. इतक्या वर्षांच्या लाल फिती क्लेमच्या डोळ्यांपुढून सरकत गेल्या, एकेक करून, सगळ्याच्या सगळ्या.

"म्हणजे मी इतकी वर्षं पहिली येत होते," एल्सा म्हणाली, "ती याच्यामुळे?"

ग्लेनिसने मान डोलावली.

एल्सा क्लेमसमोर गेली, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून हलवला. "आभारी आहे हो, क्लेम," ती म्हणाली. "खरंच, फार आभारी आहे."

आधी ग्लेनिसच्या ओठांचे कोपरे हलले. मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिने प्लास्टरचा हात क्लेमच्या खांद्यावर टाकला, आणि तो अवघडून, लाजून, पांढरी फीत हातात धरून तिथेच उभा राहिला.